जुनी डिझेल गाडी : हात कुठे घालावा, कुठे आवरावा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. कापडाचे गठ्ठे भरून आम्ही पहाटेच उमरेडच्या बाजाराला निघालो होतो. अर्ध्या वाटेत जीपने दोन-तीन आचके दिले आणि ती बंद पडली. सेल्फ फिरत होता, बॅटरी चांगली होती, टाकीत डिझेलही होते. तरी इंजिन काही धरेना. रस्त्यावरच्या एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून पाच मिनिटांत निकाल दिला, ‘पंप गेला. नवा टाकावा लागेल.’ सांगितलेली रक्कम त्या महिन्याच्या नफ्याहून मोठी होती. बाजार हुकला. गाडी दोरीने ओढत मोमिनपुऱ्यात आणली आणि एका वयस्क उस्तादांना दाखविली.

उस्तादांनी पंपाला हातही लावला नाही. डिझेल फिल्टरच्या नळीचा बोल्ट उघडला, त्याखालचे तांब्याचे वॉशर नखाने चाचपले आणि हसले. ‘भाई, पंप मेला नाही. गाडीने हवा घेतली आहे, एवढेच.’ वॉशर बदलले, हाताने पंप मारून हवा काढली आणि गाडी सुरू झाली. वॉशरची किंमत चहाच्या दोन कपांहून कमी होती.

त्या दिवशी आम्ही दोन धडे घेतले. मालकाला स्वतःच्या गाडीची किमान ओळख नसेल, तर दोन रुपयांच्या दोषासाठी दहा हजारांचे बिल भरावे लागते, हा पहिला. दुसरा असा, की जे काम खरोखर उस्तादाचे आहे त्यात मालकाने पाना घातला तर दोन रुपयांचा दोष दहा हजारांचा होतो. आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांपैकी अनेकांकडे अजून जुन्या डिझेल गाड्या आहेत. कुणी त्यात कापड नेतो, कुणी फर्निचर, कुणी मंडपाचे सामान. त्यांच्यासाठी घरी काय करता येते आणि काय करू नये, याचा हा हिशेब मांडीत आहोत.

या गाड्या आल्या कुठून?

आपल्याकडे डिझेल मोटारींचे दिवस १९८०च्या सुमारास अ‍ॅम्बॅसेडरच्या १४८९ सी.सी. डिझेल इंजिनाने सुरू झाले. महिंद्राच्या जीपगाड्यांत फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या बनावटीचे इंजिन आले. १९९४ मध्ये टाटा सुमो आली आणि १९९८ मध्ये १४०५ सी.सी. इंजिनाची टाटा इंडिका. त्या काळी डिझेल पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त होते, त्यामुळे व्यापाऱ्यांचा ओढा साहजिकच या गाड्यांकडे होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले आणि दोन इंधनांतील अंतर कमी झाले. त्याच वर्षी मे महिन्यात उत्तरपाडा येथील अ‍ॅम्बॅसेडरचे उत्पादनही थांबले. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे नियम लागू झाले आणि देशातील सर्वांत मोठ्या मोटार कंपनीने डिझेल मोटारी बनविणेच सोडले.

नवी डिझेल गाडी संगणकावर चालते. तिच्या कॉमन रेल नळीतील दाब दीड-दोन हजार बारपर्यंत जातो. घरी तिच्या वाटेला जाऊच नये. जुनी गाडी मात्र पूर्णपणे यांत्रिक आहे. तिच्यात जे घडते ते डोळ्यांनी दिसते, कानाने ऐकू येते आणि हाताने कळते. म्हणूनच ती शिकता येते.

इंजिनाला हवे तरी काय?

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ मध्ये ऑग्सबर्ग येथे आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले. त्याचे तत्त्व साधे आहे. या इंजिनात पेट्रोल गाडीसारखी ठिणगी नसते. पिस्टन हवेला दाबतो. जुन्या मोटारींत सुमारे वीस ते तेवीस पट. दाबलेली हवा इतकी तापते, की तिच्यात डिझेलचा बारीक फवारा पडताच तो आपोआप पेटतो. म्हणजे या इंजिनाच्या गरजा तीनच : स्वच्छ हवा, योग्य वेळी पडणारा स्वच्छ डिझेलचा फवारा आणि पुरेसा दाब. वीज लागते ती गाडी सुरू करतानाच, सेल्फला आणि हीटर प्लगला.

ही तीन नावे ध्यानात ठेवली, की दुखणे शोधणे सोपे होते. आणि आमचा अनुभव असा, की रस्त्यावर बंद पडलेल्या दहा जुन्या गाड्यांपैकी बहुतेकींचे दुखणे पंपात नसते. ते डिझेलमधील हवा, पाणी किंवा कचरा यांत असते.

घरी करावयाची कामे

पहिले काम पाणी काढण्याचे. टाकीत रात्री दव साचते, कधी पंपावरूनच पाणी येते. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने ते फिल्टरच्या तळाशी बसते. आठवड्यातून एकदा, सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी, फिल्टरखालचा ड्रेनचा स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत थोडे डिझेल काढावे. बाटलीच्या तळाशी पाण्याचा थर दिसला तर शुद्ध डिझेल येईपर्यंत काढावे. हे पाणी पंपात गेले तर पंपाचे गुळगुळीत पृष्ठभाग गंजतात आणि तो खर्च खरोखरच मोठा असतो.

दुसरे काम हवा काढण्याचे. टाकी रिकामी झाली, फिल्टर बदलला किंवा एखादे वॉशर गेले, की नळीत हवा शिरते. हवा दाबली जाते, डिझेल दाबले जात नाही. म्हणून नळीत हवा असेल तर नोझल उघडतच नाही. रीत अशी : फिल्टरवरील ब्लीडिंग स्क्रू दोन आटे सैल करावा आणि हँड प्रायमर मारीत राहावे. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग धार. धार चालू असतानाच स्क्रू घट्ट करावा. नंतर हेच पंपावरील स्क्रूला करावे. तरीही गाडी धरली नाही, तर नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट एकेक आटा सैल करून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावे. डिझेल पाझरू लागले की नट कसावे. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून अधिक मारू नये. मध्ये मिनिटभर विश्रांती द्यावी, नाहीतर हवेच्या नादात सेल्फ जळतो. सांडलेले डिझेल पुसल्याशिवाय गाडी सुरू करू नये.

हवा वारंवार शिरत असेल तर ती कुठून येते हे शोधावे. टाकी ते फिल्टर या वाटेवर इंजिन डिझेल ओढून घेते. त्यामुळे तेथे चीर असली तरी डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. म्हणूनच हा दोष डोळ्यांना दिसत नाही आणि पंपावर आळ येतो. त्या भागात काही वेळापुरती पारदर्शक नळी लावली, की बुडबुडे पळताना दिसतात आणि चोर सापडतो.

तिसरे काम हवेच्या फिल्टरचे. कळमन्याच्या धान्यबाजारात किंवा बुटीबोरीच्या बांधकामांवर जाणाऱ्या गाडीचा फिल्टर घर ते दुकान फिरणाऱ्या गाडीपेक्षा फार लवकर भरतो. कागदी फिल्टर आतून बाहेर हवा मारून झटकावा आणि फाटका असेल तर त्याच दिवशी बदलावा. जुन्या जीपमध्ये तेलाच्या भांड्याचा फिल्टर असतो. त्यातील तेल चिखलासारखे झाले की भांडे धुऊन खुणेपर्यंतच नवे तेल भरावे. खुणेवर भरले तर इंजिन ते ओढते.

चौथे काम इंजिन ऑइलचे. डिझेलचे ऑइल काळे होतेच, त्याने घाबरू नये. काजळी धरून ठेवणे हेच त्याचे काम आहे. पातळी मात्र सपाट जागेवर, सकाळी थंड इंजिनात पाहावी. ऑइल दह्याच्या निवळीसारखे पांढुरके दिसले तर त्यात पाणी शिरते आहे. पातळी कमी होण्याऐवजी वाढू लागली आणि ऑइलला डिझेलचा वास आला, तर आत कुठे तरी डिझेल गळते आहे. दोन्ही वेळी गाडी चालवू नये, उस्ताद गाठावा.

पाचवे काम हीटर प्लगचे. नागपूरची ओळख उन्हाळ्याची असली तरी डिसेंबर २०१८ मध्ये येथे पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. अशा सकाळी गाडी धरत नसेल तर पंपाआधी प्लग तपासावेत. प्लगांना जोडणारी पट्टी काढावी. बारा व्होल्टच्या टेस्ट बल्बचे एक टोक बॅटरीच्या अधिक बाजूला आणि दुसरे प्लगच्या डोक्याला लावावे. बल्ब पेटला तर प्लगची तार शाबूत आहे. न पेटल्यास प्लग मेला आहे. बदलताना इंजिन कोमट असावे आणि जोर करू नये. प्लग हेडमध्ये तुटला तर हेडच उतरवावे लागते.

धूर काय सांगतो?

धूर म्हणजे इंजिनाचा जबाब आहे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी : फिल्टर चोंदला, नोझल फवाऱ्याऐवजी धार सोडू लागले किंवा कुणी पंपाचा स्क्रू वाढवून ठेवला. पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल. सकाळी मिनिटभर आला तर चालतो, दिवसभर आला तर टायमिंग किंवा दाब पाहावा. पांढऱ्या धुराबरोबर रेडिएटरचे पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटवर संशय घ्यावा. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे.

इंजिन थरथरत असेल तर कोणता सिलिंडर काम करीत नाही हे घरी कळते. इंजिन मंद चालू ठेवून नोझलच्या नळीचा एकेक नट क्षणभर सैल करावा. ज्या नटाने इंजिनाचा आवाज बदलत नाही तो सिलिंडर आळशी. मात्र नटावर जाड फडके आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

धुराकडे आम्ही केवळ मायलेजच्या दृष्टीने पाहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर हा माणसाला कर्करोग करणारा असल्याचे जाहीर केले. हा धूर सर्वांत आधी गॅरेजमधील शागीर्द मुलाच्या आणि आपल्याच गल्लीतल्या लेकरांच्या छातीत जातो. जुन्या डिझेल गाड्यांना पीयूसीमध्ये धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज ठरविली आहे. ती कागदापुरती न ठेवता गाडी खरोखर तिच्या आत ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे.

नागपूरचा उन्हाळा

मे २०१३ मध्ये नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. अशा दिवशी भरलेली जुनी गाडी वर्धा रोडला धावते तेव्हा तिचा जीव रेडिएटरवर असतो. उन्हाळ्यापूर्वी फॅन बेल्ट, होज आणि क्लिपा पाहाव्यात. बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबला असता साधारण अर्धा इंच दबावा. रेडिएटरच्या जाळीत धूळ आणि किडे भरतात. ते इंजिनाच्या बाजूने पाणी मारून बाहेर काढावेत. बोअरवेलचे जड पाणी भरू नये, त्याचा क्षार आत बसतो. शुद्ध पाणी आणि कुलंट योग्य प्रमाणात भरावे.

अनेक मिस्त्री ‘गाडी गरम होते’ म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकतात. हा इलाज नव्हे. काही इंजिनांत त्याने पाणी रेडिएटरला वळसा घालून परत फिरते, आणि थंडीत इंजिन पुरते तापत नसल्याने झिजते. काटा चढला तर गाडी बाजूला घेऊन मिनिटभर मंद चालू ठेवावी व मग बंद करावी. गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये आणि तापलेल्या हेडवर थंड पाणी ओतू नये. झाकण उघडले तर चेहरा भाजतो, पाणी ओतले तर हेड तडकते.

हात कुठे आवरावा?

बंगळूरची मायको कंपनी १९५१ मध्ये सुरू झाली आणि २००८ मध्ये तिचे नाव बॉश लिमिटेड झाले. आजही जुने मिस्त्री पंपाला ‘मायको’च म्हणतात. या पंपातील भाग इतके नेमके घासलेले असतात, की धुळीचा कण त्यांना ओरखडा पाडतो. पंपाचे सील तोडणे, त्याचा स्क्रू फिरवून ‘पिकअप वाढविणे’, नोझल उघडून घरी घासणे, यांपैकी काहीही करू नये. पंपाची बैठक आणि नोझलचा दाब टेस्ट बेंचवरच ठरतो. हेडचे नट, क्रँक आणि टायमिंग हीही उस्तादाची कामे. ज्या इंजिनात टायमिंग बेल्ट आहे तेथे तो पुस्तकात सांगितलेल्या किलोमीटरवर बदलावाच. तो तुटला तर बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन उघडावे लागते.

पॅरिसच्या १९०० सालच्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालविले होते हे खरे. म्हणून काही बांधव आम्हांला विचारतात, की तळणीचे उरलेले तेल टाकीत घालावे काय? घालू नये. कच्चे तेल दाट असते, नोझलवर त्याची राळ बसते. रॉकेल मिसळणे तर बेकायदा आहेच. शिवाय त्यात वंगण कमी असल्याने पंप झिजतो. वाचलेले दहा रुपये पंपाच्या दुरुस्तीत शंभरपटीने जातात.

जिवाशी संबंधित चार गोष्टी

एक, केवळ जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नये. मजबूत घोड्या लावाव्यात आणि बाकीच्या चाकांना ओट द्यावी. बंद खोलीत इंजिन चालवू नये.

दोन, नोझलच्या फवाऱ्यासमोर हात धरू नये. तो कातडी भेदून आत जातो. वरून सुई टोचल्यासारखी खूण दिसते, दुखतही नाही, पण आतील मांस सडू शकते. असे घडल्यास हळद लावून बसू नये. तडक मेयो किंवा मेडिकलला जावे आणि ‘डिझेल आत गेले आहे’ असे स्पष्ट सांगावे.

तीन, डिझेल गाडीच्या ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप वेगळा असतो. अनेक गाड्यांत तो डायनॅमोच्या मागेच बसविलेला असतो. ब्रेकचा पायडल अचानक दगडासारखा कडक लागला तर हा पंप किंवा त्याची नळी गेली आहे. माल कितीही घाईचा असो, ती गाडी हलवू नये.

चार, कधी कधी जुने इंजिन स्वतःचेच ऑइल ओढून बेफाम धावते; चावी बंद करूनही थांबत नाही. तेव्हा गाडी उभी असेल तर ब्रेक दाबून, वरच्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडावा. नाहीतर हवेच्या तोंडावर लाकडी फळी दाबून धरावी. हात किंवा फडके लावू नये, इंजिन ते ओढून घेते.

काढलेले ऑइल नालीत ओतू नये. ती नाली अखेर नाग नदीलाच मिळते. ते डब्यात साठवून परवानाधारक खरेदीदाराला द्यावे.

गाडी ठेवावी की काढावी?

हा प्रश्न भावनेने सोडवू नये. पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे केंद्रीय शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते १०,००० करण्यात आले. त्यात पर्यावरण कर, विमा आणि पासिंगपूर्वीची दुरुस्ती मिळवावी.

आपण दुकानाचा रोजमेळ लिहितो, मग गाडीचा का नाही? एक वही करावी. तारीख, किलोमीटर, लिटर, ऑइल, दुरुस्ती, एवढेच लिहावे. मायलेज घसरले की आजार सुरू झाला असे समजावे; धुराच्या आधी वहीच बोलते. वर्षाचा खर्च भाड्याच्या गाडीच्या खर्चाहून वर गेला, किंवा चेसिस गंजली, तर गाडीचा मोह सोडावा. आणि विकताना दाट ऑइल भरून आवाज दाबू नये. मालातील दोष सांगूनच माल विकावा, ही आपल्या घरातील पहिली शिकवण आहे. ती गाडीलाही लागू आहे.

शेवटी उस्तादांविषयी. ज्या उस्तादांनी आमचे वॉशर शोधले, त्यांनी त्या कामाचे पैसे घ्यायला नकार दिला. आम्ही आग्रहाने दिले. वॉशर स्वस्त होते, पण ते कुठे आहे हे जाणणारी नजर चाळीस वर्षांत तयार झाली होती. त्यांच्या हाताखाली आज एकही शागीर्द नाही. मुले मोबाईल दुरुस्तीकडे वळली आहेत, त्यात त्यांचा दोषही नाही. परंतु ट्रॅक्टर, जनरेटर आणि शेतातील पंप यांत साधी डिझेल इंजिने अजून धडधडत आहेत आणि त्यांना जाणता हात हवा आहे. श्रद्धानंदपेठेत शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. अशा संस्थांत डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. आपल्या मोहल्ल्यातील एखाद्या मुलाने तेथील प्रमाणपत्र आणि उस्तादांची नजर या दोन्ही गोष्टी मिळविल्या, तर त्याची रोजी कुणी अडवू शकणार नाही.

तोवर आपण एवढे करावे. घरच्या कामात आळस करू नये, उस्तादाच्या कामात घाई करू नये आणि त्यांच्या मेहनतान्यात घासाघीस करू नये.